बोलणं, ऐकणं आणि बरं होणं : मानसोपचाराचा इतिहास आणि आपला मराठवाडा



आजचा विषय मानसोपचाराचा इतिहास. आयोजकांनी विचारलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. आम्ही डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. उभा जन्म या शहरात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. मग वाटलं, हा विषय तसा आमच्याच अंगणातून तिकडे गेलेला आहे, आणि त्याच्याकडे आमचा एक जुना हिशेबही राहून गेलेला आहे. तर त्या हिशेबापासूनच सुरुवात करू.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली दगडमातीची जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. सरकारी आकडा धरला तरी सुमारे आठ हजार माणसं गेली. दिवाळीनंतर त्या भागातला आमचा एक विद्यार्थी कॉलेजात परत आला. त्याच्या घरातली तिघं गेली होती. एक दिवस तास संपल्यावर तो आमच्या खोलीत येऊन बसला.

आणि आम्ही काय केलं? आम्ही बोललो. चांगला अर्धा तास बोललो. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगितला, गीतेचा दुसरा अध्याय सांगितला, दुःखाकडे कसं पाहावं ते सांगितलं. तो "हो सर, हो सर" म्हणत राहिला. शेवटी उठला, वाकून नमस्कार केला आणि गेला. पुढे त्यानं कॉलेज सोडलं. सहा-सात वर्षांनी लातूरच्या बसस्थानकावर त्यानंच आम्हाला ओळखलं. चहा घेतला. निघताना म्हणाला, "सर, तुमचं काही खोटं नव्हतं. पण मला तेव्हा सांगायचं होतं, ऐकायचं नव्हतं."

मंडळी, बरोबर विचार सांगणं आणि माणूस बरा होणं यांच्यात एक दरी आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतला मानसोपचाराचा इतिहास आम्ही तरी या दरीवर बांधलेल्या पुलांचा इतिहास म्हणून वाचतो. पूल वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणी बांधले. त्यातले चार आज पाहू, आणि मग ते आपल्या मुलखापर्यंत कसे आले ते पाहू.

पहिला पूल व्हिएन्नाचा. १८८० ते १८८२ या काळात डॉ. जोसेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करत होते. वडिलांच्या आजारपणात तिची शुश्रूषा करता करता तिचा हात लुळा पडला, नजर बिघडली, भाषाही हरवली. तिच्या लक्षात आलं की एखाद्या लक्षणामागची आठवण सविस्तर सांगून झाली की ते लक्षण ओसरतं. या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, ते रुग्णानं दिलेलं आहे! १८९५ मध्ये ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी हा वृत्तान्त 'ॲना ओ.' या टोपणनावानं छापला आणि मनोविश्लेषणाची पायाभरणी झाली. अर्थात, कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुस्तकावरून वाटतं तितकी ती तेव्हा बरी झालेली नव्हती. तिला नंतर सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. पुढे मात्र बेर्था पापेनहाइम या आपल्या खऱ्या नावानं ती जर्मनीतली मोठी सामाजिक कार्यकर्ती झाली. म्हणजे पहिल्याच रुग्णानं दोन धडे दिले : बोलल्यानं फरक पडतो, आणि नुसतं बोलून भागत नाही.

दुसरा पूल वर्तनोपचाराचा. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी संशोधिकेनं सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मूल आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा. दुसऱ्या दिवशी थोडा जवळ. मग आणखी जवळ. शेवटी मूल सशाला हात लावू लागलं. इथे बालपणीचा शोध नाही, उपदेशही नाही. भीतीच्या दिशेनं एकेक पायरी टाकायची, इतकंच. दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात याची पद्धतशीर मांडणी केली.

तिसरा पूल आमच्या शास्त्राला जवळचा. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मनोविश्लेषण सोडून विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला. त्यांनी आधार घेतला तो त्याच एपिक्टेटसचा. घटना माणसाला छळत नाही, घटनेबद्दलची त्याची धारणा छळते, हे मूळ सूत्र. 'मला यश मिळालं तर बरं' ही इच्छा झाली. 'मला यश मिळालंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल' हा हट्ट झाला. एलिस यांनी हा हट्ट हुडकून त्याच्याशी वाद घालायला शिकवलं. फिलाडेल्फियाचे ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यातल्या रुग्णांचे आपोआप उमटणारे विचार टिपून, ते पुराव्यावर तपासण्याची पद्धत बसवली. या सगळ्यातून पुढे बोधात्मक वर्तनोपचार ही आज सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली शाखा उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, एलिस यांनी एपिक्टेटसच सांगितला आणि सरांनीही तोच सांगितला, मग चुकलं कुठे? याचं उत्तर एलिस यांच्याच एका गोष्टीत आहे. एकोणिसाव्या वर्षी ते मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. भीती घालवायला त्यांनी ठरवलं की महिनाभर बागेत जायचं आणि बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचं. शंभर जणींशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही! पण भीती गेली. विचार खरा आहे हे पटणं ही एक गोष्ट, आणि तो अंगात मुरणं ही दुसरी. मुरायला सराव लागतो, गृहपाठ लागतो, वेळ लागतो. एपिक्टेटस स्वतः म्हणायचा की तत्त्वज्ञाची शाळा हा दवाखाना आहे. आम्ही मात्र अर्ध्या तासात औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचून दाखवलं.

चौथा पूल कार्ल रॉजर्स यांचा. १९४२ आणि १९५१ च्या त्यांच्या ग्रंथांतून व्यक्तिकेंद्रित उपचार पुढे आला. रॉजर्स यांचा भर तंत्रापेक्षा नात्यावर. समोरच्याला अटी न घालता स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि आपण स्वतः खोटं न वागणं, या वातावरणात माणूस आपली वाट आपण शोधतो.

हे चार पूल एका उदाहरणावर लावून बघू. औरंगपुऱ्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा. तिसऱ्यांदा निकालात नाव नाही. गावी जात नाही, फोन उचलत नाही, दिवसभर झोपून असतो. मनोविश्लेषक त्याच्यासोबत शोध घेईल : हे अपयश नेमकं कुणासमोरचं आहे, कुठली जुनी जखम उघडली? वर्तनोपचारक म्हणेल : उद्या सकाळी सात वाजता दहा मिनिटं चालून ये, परवा एका मित्राला फोन कर, आणि दोन्ही वेळी कसं वाटलं ते वहीत लिही. विवेकनिष्ठ उपचारक विचारेल : 'परीक्षेत नापास' यावरून 'माणूस म्हणून नापास' इथे तू कसा पोहोचलास? आणि रॉजर्सच्या पठडीतला समुपदेशक आधी नीट ऐकेल, अगदी त्याच्या गप्प बसण्यासकट. आज बरेच उपचारक गरजेप्रमाणे हे मिसळून वापरतात. मात्र आजार तीव्र असेल, भास होत असतील, जीव द्यावासा वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं यांना पर्याय नाही. बोलण्याचा उपचार त्यांच्या जोडीनं चालतो.

आता हे आपल्याकडे कसं आलं? महाराष्ट्रात इंग्रजी अमदानीतून वारशानं आली ती मनोरुग्णालयं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार मोठी नावं. यातलं एकही मराठवाड्यात नाही हे नकाशावर बोट ठेवून पाहा. आपल्याकडच्या घरांनी मग काय केलं? जिथे दार उघडं मिळालं तिथे गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला माणसं का नेतात, यावर हसणं सोपं आहे. तिथे उपचार होतो असं आम्ही म्हणत नाही, आणि माणसाला साखळीनं बांधणं तर सर्वस्वी चूक. पण जे घर तिकडे जातं, ते कुणीतरी ऐकून घेईल म्हणून जातं, हेही नोंदवायला हवं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत एक वेगळा प्रयत्न केला. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान या पायऱ्यांवर त्यांनी उपचारपद्धती बसवली आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवून ती तपासली. 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' असं म्हणून ते थांबले नाहीत, त्यांनी परीक्षा घेतली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांनी हे शिकण्यासारखं आहे.

एलिस यांचा विचार मराठी मुलखात रुजवला तो मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांच्यावर मराठीत पुस्तकं लिहिली. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. पाठीशी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे होते. व्यसनातून सुटलेल्या माणसानं सुटू पाहणाऱ्याशी बोलायचं, घरच्यांनाही उपचारात घ्यायचं, हा समूह-उपचाराचा धडा महाराष्ट्रानं तिथे गिरवला. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. आणि किल्लारीच्या भूकंपाचा मनावर काय परिणाम झाला, याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली झाला. रंगभूमीवरचे नाना फडणवीस म्हणून ज्यांना आपण ओळखतो, तेच आगाशे.

पण मंडळी, खरा प्रश्न पोहोचण्याचा आहे. तज्ज्ञ शहरात आणि दुःख गावोगाव. याचं एक उत्तर गोव्यातून आलं. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेनं तज्ज्ञ नसलेल्या सामान्य माणसांना शिकवून समुपदेशक केलं. नैराश्य असलेल्यांना सरकारी आरोग्य केंद्रातच सहा ते आठ भेटी द्यायच्या. मन लागण्याची वाट न बघता लहान लहान कामं हाती घ्यायला शिकवायचं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे तरीही जवळपास तीन-चतुर्थांश लोक बाहेरच राहिले, हेही वाचा. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या आपल्या जिल्ह्यांसाठी राज्य सरकारनं 'प्रेरणा' प्रकल्प आणला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली आहे असं धरायला सांगितलं. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. तो नंबर आत्ता मोबाइलमध्ये साठवून ठेवा, स्वतःसाठी नसेल तर शेजाऱ्यासाठी.

शेवटी गीतेकडे येऊ, कारण प्रश्नोत्तरांत कुणीतरी ती काढणारच! कृष्ण हा पहिला समुपदेशक, असं आजकाल फार म्हणतात. जरा बारकाईनं वाचा. पहिल्या अध्यायात कृष्णाच्या तोंडी जेमतेम एक ओळ आहे, बाकी अर्जुन बोलतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण त्याला फटकारतो, हे दुबळेपण सोड म्हणतो. त्याचा उपयोग होत नाही! अर्जुन पुन्हा बोलतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून. रॉजर्सना पुढचे सतरा अध्याय फार उपदेशाचे वाटले असते, तो भाग वेगळा. पण क्रम बघा : आधी त्याचं बोलून संपलं, मग शब्द आले.

आम्ही त्या मुलाला थेट अकरावा श्लोक सांगितला होता. पहिला अध्याय त्याचा त्याच्याजवळच राहिला. आता सत्तरी ओलांडल्यावर आम्ही एवढंच करतो, कुणी खोलीत येऊन बसलं की हातातलं पुस्तक मिटून ठेवतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. या वेळी आधी तुम्ही बोला.