कागद, काच, पत्रा आणि एक ओळखपत्र

घरात कचऱ्याचे दोन डबे ठेवायचे, एक ओल्याचा आणि एक सुक्याचा, हे आता शहरातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण हे डबे दारात आले कसे, हे फारसं कोणी सांगत नाही. त्या इतिहासातला एक मोठा अध्याय पुण्यात घडला आणि त्याची मुळं आपल्या मराठवाड्याच्या दुष्काळात आहेत.

जुन्या येडशीत कचरा म्हणावं असं फार थोडं असे. शेण, राख, भाजीची देठं उकिरड्यावर जात आणि तिथून शेतात. फाटक्या लुगड्यांची वाकळ होई. दबलेली गादी पिंजारी पुन्हा पिंजून देई. काळवंडलेलं भांडं कल्हईवाला उजळून देई. फुटक्या डबड्याच्या बदल्यात पोरांना गारीगार मिळे. पिंजारी, कल्हईवाले यांत आमच्या समाजाचे बरेच जण. 'पुनर्वापर' हा शब्द त्यांनी ऐकलाही नसेल, पण पोट त्यावरच चाले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. काहीजण खडी फोडायला गेले. ज्यांना तेही पुरेना, त्यांनी गाव सोडलं. येडशीवरून बार्शी लाईटची छोटी गाडी कुर्डुवाडीला जाई, तिथून पुढे पुणं. मराठवाड्यातून अशा वाटांनी पुण्यात पोहोचलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या हाती ना जमीन होती, ना अक्षर. त्यांतल्या बायांनी पाठीवर पोतं घेतलं. कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला विकायचा. बहुतेक जणी दलित समाजातल्या. अंगाला घाण, कुत्र्यांचा त्रास आणि वर चोरीचा संशय.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमने आणि लक्ष्मी नारायण या वस्त्यांत शिकवायला जाऊ लागल्या. त्यांना दिसलं ते असं : घरातच सुका कचरा वेगळा मिळाला, तर बाईला कुंडीत उतरावं लागणार नाही, माल स्वच्छ राहील, भाव बरा येईल. मग घरोघरी जाऊन रहिवाशांना गळ घातली गेली. काम जमू लागलं, तोच एका व्यावसायिकाने त्याच घरांचा कचरा उचलायला गाडी आणली. बायांनी ती अडवली. एकेकटीने हे निभणार नाही, हे तेव्हा कळलं.

मे १९९३ मध्ये पुण्यात परिषद भरली. आठशेहून अधिक कचरावेचक आले. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिची पहिली मोठी मिळकत म्हणजे महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र. पोलिसांनी हटकलं, तर दाखवायला काहीतरी हातात आलं. २००१ च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला : प्रत्येक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचं काम शहरासाठी फुकट करत होती. तो हिशेब महापालिकेपुढे मांडता आला आणि २००२-०३ मध्ये आरोग्य विमा मिळाला.

कचरा वेगळा करण्याचा नियम देशात २००० सालीच आला होता. पण नुसत्या नियमाने कुठला डबा भरतो? २००७ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारात येणाऱ्या बाईला घराने दरमहा थोडं शुल्क द्यायचं आणि सुक्या मालाचे पैसे तिने ठेवायचे. २०१६ च्या केंद्रीय नियमांत कचरावेचकांना जागा मिळाली. करार पुन्हा पुन्हा अडले, ठेकेदारांच्या गाड्यांचं आव्हानही राहिलं. लढा एकदाच जिंकून संपला, असं झालं नाही.

मोहल्ला सुधारायचा म्हटलं की आपण झाडू घेऊन फोटो काढतो. पुण्याच्या या बायांनी वेगळा रस्ता दाखवला. आधी कचरा उचलणाऱ्या माणसाची ओळख मान्य झाली, मग कचरा वेगळा करण्याला अर्थ आला. आज येडशीच्या बाजारातही प्लास्टिकच्या पिशव्या उडतात. त्या उकिरड्यात जिरत नाहीत. तुमच्या गल्लीत त्या वेचणारं कोण आहे, त्यांचं नाव तरी विचारा. आणि आज काच फुटली, तर ती जाड कागदात गुंडाळा, वर लाल खूण करा. त्या पुडक्याला उद्या कुणाचा तरी हात लागणार आहे.