पाण्यावरची वाट आणि तिची माणसं

दरवर्षी 2 फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. इराणमधल्या रामसर गावात 1971 साली याच दिवशी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला. म्हणजे तळी, दलदली, खाड्या आणि नदीकाठच्या चिबड जमिनी. आपल्या राज्यातलं नांदूर मध्यमेश्वर 2020 साली त्या करारातल्या यादीत आलं. त्याच यादीत 1980 सालीच गेलेल्या एका दूरच्या पाणथळीचा इतिहास आज सांगणार आहोत. पाणी, पक्षी, कमळं तर त्यात आहेतच. पण ही जमीन कुणाची, आणि तिच्याबद्दल ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा हक्क कुणाचा, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

ही जागा म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचं काकाडू राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ जवळजवळ 20,000 चौरस किलोमीटर. आपला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो यात मावून वर जागा उरेल. हवा आपल्या कोकणासारखी दमट, आणि पाऊस मोसमी. तिथल्या ‘यलो वॉटर’ नावाच्या मोठ्या डोहाकाठी पाण्यावरून जाणारी एक उंच पायवाट बांधली आहे. कोकणातल्या बायांना साकव म्हटलं की लगेच कळेल, पण हा साकव पलीकडच्या काठाला नेत नाही. पाण्याच्या जवळ नेतो, पाय न भिजता पाणी बघता यावं म्हणून. खाली उतरायची सोय नाही, कारण पाण्यात सुसरी-मगरी असतात. भर पावसाळ्यात पूर चढतो आणि ही वाट पाण्याखाली जाते.

या भागातल्या नद्यांना 1818च्या सुमारास एका इंग्रज दर्यावर्दी कप्तानाने ‘ॲलिगेटर’ नद्या असं नाव दिलं. ॲलिगेटर म्हणजे अमेरिकेतल्या जातीची मगर. तिथे ती जात नाहीच. त्याने पाहिल्या त्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी होत्या. चूक झाली, पण नकाशावर तेच नाव राहिलं. जी माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होती, त्यांना नदीचं नाव कुणी विचारलंच नाही. उत्तर भागातले लोक स्वतःला बिनिंज म्हणतात, दक्षिणेकडचे मुंगुय. काकाडू हे नाव तिथल्या गागुजू भाषेवरून आलं.

किती पिढ्या? तिथल्या माजेदबेबे नावाच्या खडकाच्या आडोशाखाली संशोधकांनी खोदकाम केलं. त्यांचं म्हणणं 2017 साली छापून आलं की माणूस तिथे सुमारे 65,000 वर्षांपूर्वीपासून राहत आला आहे. मातीच्या थरांत काय सापडलं? दगडी कुऱ्हाडी, रंगासाठीची गेरू, आणि वाटण्या-दळण्याचे दगड. आपला पाटा-वरवंटा आठवा. इतिहासात राजे आणि लढाया येतात, पण रोजचं अन्न तयार करणाऱ्या हातांची खूण सगळ्यात जुन्या थरातही असते.

पाणथळ मात्र तेवढी जुनी नाही. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र वर चढला आणि या सखल भागात खारं पाणी शिरून कांदळवन माजलं. पुढे नद्यांनी गाळ आणून टाकला, जमीन उंचावली आणि गेल्या दोनेक हजार वर्षांत गोड्या पाण्याचे डोह आणि गवताळ मैदानं तयार झाली. माणसांनी हा सगळा बदल पाहिला. खडकांवरच्या चित्रांत तो दिसतो. जुन्या चित्रांत कोरड्या रानातले प्राणी, मग मासे आणि नव्या चित्रांत पाण्यातले हंस.

आपल्याकडे सहा ऋतू, तसे बिनिंज लोकांचेही सहा. गुद्जेग म्हणजे भर पावसाचा काळ. बांग्गेरेंगमध्ये शेवटची वादळं उंच गवत आडवं करतात. गुरुंग म्हणजे कडक उन्हाचे कोरडे दिवस. तेव्हा पाणी आटत जातं आणि उरलेल्या डोहांवर मॅग्पाय गूज नावाचे काळे-पांढरे हंस हजारोंनी जमतात. आपण मृगाचा किडा दिसला की पेरणीचं बोलतो, तसं तिथल्या बाया कुठलं फूल आलं यावरून काय पिकलं, काय खोदायचं ते ओळखतात. कमळाचे देठ आणि बिया, रानातले कंद, शिंपले, लांब मानेची कासवं हे बायांनी गोळा करायचं अन्न. केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं चिरून, रंगवून त्या टोपल्या आणि चटया विणतात. पर्यटकाला जो देखावा दिसतो, ती या बायांची कोठी आहे.

या कोठीवर पहिला घाला पडला तो म्हशीमुळे. हो, म्हैसच! इंग्रजांनी 1820 ते 1840च्या दशकांत उत्तर किनाऱ्यावर वस्त्या वसवल्या आणि मांसासाठी आशियातून म्हशी आणल्या. वस्त्या टिकल्या नाहीत. माणसं गेली, म्हशी मागे राहिल्या आणि रानात वाढल्या. 1880च्या दशकापासून 1950च्या दशकापर्यंत कातड्यासाठी त्यांची शिकार चालली. शिकारी गोरे, पण पुष्कळसं काम आदिवासींच्या अंगावर. जड कातडी धुणं आणि मीठ लावणं हे बायांचं काम. मजुरी म्हणजे बहुधा पीठ, साखर, चहा आणि तंबाखू. बाहेरून आलेल्या रोगांनीही त्यांची संख्या फार घटली होती.

कातड्याचा बाजार बसल्यावर म्हशी आणखी वाढल्या. आपल्या दावणीची म्हैस घर चालवते. पण मोकाट कळप दलदलीत लोळले, रोज त्याच वाटांनी गेले, तेव्हा त्या वाटांच्या चऱ्या झाल्या. त्यांतून भरतीचं खारं पाणी गोड्या डोहांत शिरलं. कमळं गेली, झाडं वाळली. पुढे गुरांच्या क्षयरोगावर मोहीम निघाली आणि 1980च्या दशकात बहुतेक म्हशी हटवल्या गेल्या. कमळं परत आली. पण चाऱ्यासाठी आणलेलं पॅरा गवत, जे आपल्याकडेही लावतात, ते चरायला कुणी नसल्याने मोकळं पसरू लागलं. पाणथळ एकदा बिघडली की तिला सावरणं सोपं नसतं.

दुसरा घाला युरेनियमचा. 1976 साली आदिवासींना जमिनीचा हक्क देणारा कायदा झाला. त्यात खाणीला नकार देण्याचा अधिकारही होता. पण रेंजर नावाच्या एका खाणीपुरता तो अधिकार त्याच कायद्याने काढून घेतला. मिरार लोकांचा विरोध असूनही खाण सुरू झाली. 1979 साली उद्यान जाहीर झालं, 1981 साली जागतिक वारसा ठरलं, आणि मधोमध खाण चालू राहिली.

मग जवळच जाबिलुका इथे दुसऱ्या खाणीची तयारी झाली. तेव्हा मिरार लोकांच्या प्रमुख मालक म्हणून एक बाई उभ्या राहिल्या, इव्हॉन मार्गारुला. त्यांच्याबरोबर होत्या जॅकी कटोना. 1998 साली खाणीच्या वाटेवर आठ महिने धरणं चाललं. देशभरातून हजारो लोक आले, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. इव्हॉनबाईंनाही अटक झाली, आणि गुन्हा काय? आपल्याच पूर्वजांच्या जमिनीवर बेकायदा शिरल्याचा! पण त्या मागे हटल्या नाहीत. 2003 साली जाबिलुकाचं खोदलेलं भुयार पुन्हा बुजवण्यात आलं. 2005 साली लेखी ठरलं की मिरारांच्या संमतीशिवाय तिथे खाण होणार नाही. रेंजरचं कामही 2021 साली थांबलं. आता तिथली जमीन पूर्वस्थितीला आणण्याचं काम चालू आहे.

आज उद्यानाची जमीन मूळ मालकांची आहे. ते ती सरकारला भाड्याने देतात आणि कारभार पाहणाऱ्या मंडळात बहुसंख्य सदस्य त्यांचे असतात. राहिलेल्यापैकी बरीच जमीन 2022 साली त्यांना परत मिळाली. सगळे प्रश्न सुटले असं नाही. पण त्या साकवावर चालणारा पाहुणा आता कुणाच्या तरी अंगणात चालतो, हे तिथे मान्य झालं आहे.

आपल्याकडेही वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. ज्या पाण्याची ओळख त्यांना लहानपणापासून आहे, तीच त्यांची कमाई झाली. आपापल्या गावात बघा. तळं, पाणवठा, ओढ्याकाठची चिबड जमीन कुठे आहे? सातबाऱ्यावर ती कुणाच्या नावावर आहे? तिथून कोणती भाजी, कोणतं गवत, कोणते मासे बाया आणतात? गटाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या दोन म्हाताऱ्या आज्यांना बोलवा, त्यांच्याकडून जुनी नावं विचारून वहीत उतरवून घ्या. आणि ग्रामसभेत त्या जागेचा विषय निघेल, तेव्हा ती वही बरोबर न्या.