आडोशाचे पाणी

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. पण समुद्राकडे जाणाऱ्या दोन मोठ्या नद्या आहेत. उत्तरेची सीमा नर्मदेने आखली आहे आणि खालच्या सपाटीतून तापी वाहते. एकीच्या मुखाकडे भडोच, दुसरीच्या मुखाकडे सुरत. आपापल्या काळात ही दोन्ही बंदरे साऱ्या पश्चिम भारतात गजबजलेली होती. मग प्रश्न पडतो तो असा, की खानदेशचा माल प्रकाशे येथे होडीत भरून थेट सुरतेला का उतरला नाही? नवापूरच्या वाटेने बैलांची रांग का लागली?

सुरत-बऱ्हाणपूर हा मुघलकालीन हमरस्ता नवापूर आणि नंदुरबारवरून जात असे. इ.स. १६३० मध्ये पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी याच वाटेने गेला. त्या वर्षीच्या दुष्काळाचे त्याने केलेले वर्णन आजही अंगावर काटा आणते. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची तारीफ केली. ही सगळी ये-जा जमिनीवरची. तापी शेजारून वाहत होती, पण वाट म्हणून तिचा उपयोग कोणी केला नाही.

पहिले कारण नदीच्या तळाशी आहे. सातपुड्याच्या कुशीतून जाताना नर्मदेचे पात्र खडकांनी भरलेले आणि धारांनी तुटलेले होते. एका चिंचोळ्या जागेला तर लोकांनी 'हिरणफाळ' असेच नाव दिले. हरणाने उडी मारून ओलांडावी इतके पात्र तिथे अरुंद, असा त्याचा अर्थ. तापीही खानदेशची सपाटी सोडून डोंगरात शिरली की खडकाळ होते. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही आणि पावसाळ्यात ते आवरत नाही. मालाने भरलेली होडी अशा पाण्यात घालण्यापेक्षा बैल बरा, हा हिशेब आपल्या पूर्वजांना नीट कळला होता.

दुसरे कारण नदीच्या मुखाशी आहे. जमिनीवर राहणाऱ्या माणसाची एक ठाम समजूत असते, की समुद्र उघडा म्हणून धोक्याचा आणि नदी-खाडी आडोशाची म्हणून सुरक्षित. शिडाचे जहाज चालवणाऱ्याला हे गणित उलटे दिसते. भर समुद्रात वारा फिरला तर त्याच्याजवळ जागा असते. शीड उतरवावे, जहाज वाऱ्यावर सोडावे आणि वादळ ओसरू द्यावे, एवढी सवड त्याला मिळते. आत शिरल्यावर ही सवड संपते. एका बाजूला वाळूचा दांडा, दुसऱ्या बाजूला खडक, खालून भरती-ओहोटीची ओढ आणि वारा मात्र जहाजाला किनाऱ्याकडे लोटणारा. जहाजे बुडतात ती बहुधा पाणी फार असल्याने नव्हे, तर ते कमी पडल्याने.

याचा जुना पुरावा म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस'. इजिप्तहून येणारी जहाजे जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत. किनारा धरून खाडीखाडीने येण्याऐवजी ही थेट वाट घेण्याचे श्रेय लेखक हिप्पालस नावाच्या नाविकाला देतो. पण भडोचजवळ पोहोचल्यावर त्याचा स्वर बदलतो. आखाताचे तोंड अवघड, तळाचे खडक इतके धारदार की नांगराचे दोर कापले जातात, किनारा इतका सखल की नदीचे मुख सापडत नाही. ओहोटीला तळ उघडा पडतो आणि भरती आली की जहाजे कलंडतात. समुद्र पार करून आलेले जहाज नदीत बुडण्याची ही भीती होती.

भडोचच्या राजसत्तेने त्यावर शोधलेला उपाय फार बोलका आहे. राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार 'त्राप्पागा' आणि 'कोटिंबा' नावाच्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. ते परदेशी जहाजाला दांड्यांमधून वाट दाखवत, दोराने ओढत आणि भरतीबरोबर एका ठरलेल्या थांब्यावरून पुढच्या थांब्यावर नेत. आडोशाचे पाणी सुरक्षित झाले ते माहितगारांमुळे आणि त्यांना पदरी ठेवणाऱ्या व्यवस्थेमुळे. सुरतेतही वेगळे नव्हते. तापीच्या मुखाशी वाळू साचलेली असल्याने मोठी जहाजे बाहेर सुवाळीला नांगर टाकत आणि तिथून माल शहरात जाई.

आडोशाची आणखी एक बाजू मराठ्यांच्या आरमाराने भोगली. आपली गुराबे आणि गलबते उथळ खाडीत सहज शिरत आणि परक्यांची जड जहाजे बाहेर खोळंबत. या बळावर आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर दबदबा ठेवला. विजयदुर्गाची वाघोटण खाडी तर आरमाराचे घरच होती. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांशी संधान बांधून वॉटसन आणि क्लाइव्ह किल्ल्यावर चालून आले, तेव्हा तुळाजीचे आरमार त्याच आडोशाला दाटीने उभे होते. एका जहाजाने पेट घेतला, आग शेजारच्या जहाजावर गेली आणि बघता बघता सगळे आरमार जळाले. बाहेर पडायला जागाच नव्हती.

हा इतिहास नंदुरबारकरांनी का वाचावा? कारण आज तेच पाणी त्यांच्या अंगणात आले आहे. सरदार सरोवरामुळे खडकाळ, धारांची नर्मदा गेली आणि २१४ किलोमीटर लांबीचा जलाशय आला. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे त्याने बाधित झाली. अनेक पाड्यांच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या आणि जिथे कधी नौकानयन नव्हते तिथे होडी हीच वाट झाली. दवाखाना पाण्यावर तरंगू लागला. २०२० साली टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका मच्छीमाराची होडी घेऊन, स्वतः वल्ही मारत, बालकांचा आणि गरोदर स्त्रियांचा आहार पाड्यापाड्यांवर पोहोचवत होत्या.

वरून पाहता हे पाणी संथ दिसते. पण १५ जानेवारी २०१९ रोजी संक्रांतीच्या पर्वणीला निघालेल्या भाविकांची गर्दीने भरलेली बोट धडगाव तालुक्यात भुषाजवळ उलटली आणि माणसे दगावली. तिथे ना खवळलेला दर्या होता, ना वाळूचा दांडा.

कोकणातला कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढतो आणि नारळी पौर्णिमेनंतरच दर्यात उतरतो. समुद्राची भीती असल्यानेच त्याने समुद्राचे नियम केले. जलाशयाची भीती वाटत नाही, म्हणून त्याचे नियम मागे पडतात. बोटीत किती माणसे बसवायची, प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट आहे की नाही, बोट चालवणाऱ्याला कोणी शिकवले, वारा सुटला तर कोणत्या काठाला लागायचे, हे सारे ठरवावे लागते. त्यासाठी माणसे नेमावी लागतात आणि त्यांना पगार द्यावा लागतो. दोन हजार वर्षांपूर्वी याच नर्मदेच्या मुखाशी परदेशी व्यापाऱ्यांच्या मालासाठी हे केले गेले. आज नर्मदाकाठच्या पाड्यांवरील माणसांसाठी ते करायला काय हरकत आहे?