बिळात राहणारा लांडगा कोळी : नाव आणि नोंद

लिनीयसने १७५८ मध्ये ज्या कोळ्यास 'तारांतुला' हे जातिनाम दिले, ते दक्षिण इटलीतील तारांतो नगरावरून आलेले आहे. या कोळ्याच्या दंशाने जडणारी व्याधी अखंड नृत्यानेच उतरते, असा त्या प्रांती शतकानुशतके समज होता, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस बालिव्हीसारख्या वैद्यानेही त्यावर प्रबंध लिहिला. पुढे युरोपीयांनी हेच नाव अमेरिकेतील केसाळ, अजस्र कोळ्यांना लावले. वस्तुतः त्यांचे कुल सर्वस्वी निराळे. आज आपले विद्यार्थी 'टॅरँटुला' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मूळ प्राणी बहुधा नसतोच.

लात्रेयने १८०४ मध्ये स्थापिलेल्या 'लायकोसा' या प्रजातीचे नाव लांडग्यास असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. जाळे न विणता धावून भक्ष्य धरणाऱ्या कोळ्यांना ते शोभते. तरी हे कोळी कळपाने शिकार करीत नाहीत, आणि बिळात राहणाऱ्या जाती तर फारशा धावतही नाहीत. त्या बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतात.

ही गोष्ट प्रथम नीट पाहिली ती संग्रहालयाबाहेर. लेओं द्युफूर या फ्रेंच वैद्याने बिळाचे वर्णन केले ते असे : सुमारे एक फूट खोल, इंचभर रुंद, प्रथम सरळ उतरणारे आणि चार-पाच इंचांवर वळण घेणारे, त्या वळणाशी कोळी पहाऱ्यास बसलेला. तोंडाभोवती काटक्या व माती रेशमी धाग्यांनी बांधून केलेला लहानसा बुरूज. फाब्रने पुढे गवताची काडी बिळात सोडून कोळ्यास चावावयास लावले व बाहेर ओढले. अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाशी वाहणारी आणि पिले बाहेर पडताच त्यांना पाठीवर घेणारी मादी त्याच्या ग्रंथांतूनच सामान्य वाचकांस परिचित झाली.

हिंदुस्थानात क्रम उलटा झाला. येथे आधी देह आला, तोही मद्यार्कात बुडविलेला. पोकॉकचा अष्टपाद प्राण्यांवरील खंड १९०० मध्ये लंडनहून निघाला; ग्रेव्हली यांनी १९२४ मध्ये भारतीय लांडगा कोळ्यांवर स्वतंत्र निबंध लिहून अनेक नव्या जाती नोंदविल्या. १९८० मध्ये टिकादर व मल्होत्रा यांचा या कुलाचा समावेश असलेला खंड भारतीय प्राणी सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. त्यातील 'लायकोसा पूनाएन्सिस' या नावात पुणे शहराचे जुने रूप टिकून आहे. हे कार्य मोठे आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु या परंपरेत डोळ्यांची मांडणी, पायांची मापे, जननांगांची रेखाटने व प्राप्तिस्थान एवढे मिळते. बीळ क्वचितच मिळते. शिवाय 'लायकोसा' हे नाव दीर्घकाळ नाना जातींचे कोठार बनून राहिले, त्यामुळे कित्येक भारतीय जातींचे वर्गीकरण अजून पुनर्विचाराची वाट पाहत आहे. अशा वेळी बिळाची खोली, वळण व अस्तर हा प्रमाणाचा भाग ठरू शकतो, असे आमचे मत आहे.

मराठवाड्यापुरता हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. विष्णुपुरीच्या परिसरातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; अशा जमिनीत बीळ राखणे रेताड मातीतल्यापेक्षा वेगळे काम होय. गोदावरीवरील उपशाचे पाणी पोहोचले तेथे नांगरट वारंवार होते, आणि न उकरलेली जागा धुऱ्यावर, पडिकात आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या मोकळ्या आवारातच काय ती उरते. नमुना बाटलीत गेला की त्याचे घर नांगराखाली गेले तरी संग्रहालयास कळत नाही.

नोंद करू इच्छिणाऱ्यास साधने थोडी लागतात. रात्री कपाळाशी विजेरी धरून चालले असता या कोळ्यांचे डोळे दवबिंदूंसारखे परत चमकतात; आठांपैकी दुसऱ्या ओळीतले दोन मोठे. दिवसा मात्र भेग आणि बीळ यांत गफलत होते. तोंड गोल असून काठास रेशमी अस्तर असेल, तर ती भेग नव्हे. गवतावर सपाट जाळे पसरून एका कडेस नरसाळ्यासारखे जमिनीत उतरलेले दिसले, तर तो याच कुलातील 'हिप्पासा' असण्याचा संभव अधिक. त्याची नोंद वेगळी ठेवावी, आणि बिळाचे माप घेतल्यावाचून कोळी उचलू नये.