धारवाडी होन आणि दुसऱ्यांदा द्यायची परीक्षा

आमच्या गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत 'पर्दाव' हे नाणे जागोजाग भेटते. नाव परके वाटते, पण आहे आपलेच. घाटावरच्या विजयनगरी सोन्याच्या नाण्यांवर 'श्रीप्रताप' ही अक्षरे असत, त्यांचा पोर्तुगीज जिभेवर 'पर्दाव' झाला. मराठीत तेच नाणे होन, कानडीत वराह, इंग्रजांच्या तोंडी पॅगोडा. वजन सुमारे 3.4 ग्रॅम, आकार नखाएवढा. एवढ्याशा नाण्याभोवती दख्खनच्या व्यापाराची तीन-चारशे वर्षे फिरली.

होन हा कधी 'एक' नव्हताच. इक्केरी होन वेगळा, हैदरचा बहादुरी वेगळा, धारवाडी वेगळा. प्रत्येकाचा कस निराळा आणि भाव निराळा. म्हणून व्यवहारात खरा राजा सराफ. तो नाणे कसोटीच्या दगडावर घासायचा, रेघेचा रंग बघायचा, काट्यावर तोलायचा, आणि मग सांगायचा बट्टा. खात्री पटली की काही सराफ आपले बारीकसे चिन्ह नाण्यावर ठोकत. वाचकहो, यात एक गंमत होती. नाणे जितक्या सराफांकडे जाई तितक्यांदा दगडावर थोडे सोने राही. परीक्षेचा खर्च नाणे स्वतःच्या अंगाने भरत होते.

अठराव्या शतकात धारवाडच्या मुलखात खासगी टांकसाळींचे पेव फुटले आणि त्यांतून हलक्या कसाचे होन बाहेर पडू लागले. तेव्हा पेशव्यांनी त्या टांकसाळी बंद करून धारवाडला एक मध्यवर्ती टांकसाळ उभारण्याचा हुकूम काढला. हेतू सरळ होता. एकदा सरकारी छाप पडली की पुन्हापुन्हा कस लावायला नको. तो हेतू फारसा साधला नाही. पुढे धारवाड हैदराकडे आणि मग टिपूकडे गेले. टिपूला टांकसाळींची नावे बदलण्याचा मोठा सोस. धारवाडला त्याने 'खुर्शेद-सवाद' केले. 1790 च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी कॅप्टन लिटलच्या इंग्रजी पलटणीसह किल्ल्याला वेढा घातला आणि 1791 च्या एप्रिलात तो पडला. राज्य बदलले तरी लोकांच्या कनवटीचे होन काही लगेच बदलत नाहीत. सराफाला नवे काम मिळाले, एवढेच.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे धारवाडला स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्याच्या घरी असलेला असाच एक होन. त्यांच्या मुलाने तो अमेरिकेत लिलावात घेतला आणि सुट्टीत येताना बरोबर आणला. नाणे सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत आहे, वर चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर आकडा 58. आताचे सराफ हे. पीसीजीएस ही कंपनी 1986 साली निघाली, एनजीसी 1987 साली. दोघींचे माप 1 ते 70. हे माप शेल्डन नावाच्या गृहस्थांनी 1949 मध्ये मांडले, तेही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. त्याच मापाने आज धारवाडचा हाताने ठोकलेला होन मोजला जातो, याचे मला हसू येते. पण बाजार तेच मानतो. 60 च्या पुढे म्हणजे व्यवहारात न वापरलेले नाणे. 58 म्हणजे उंबरठ्यावर अडलेले.

मुलाचे म्हणणे असे की नाणे 62 चे आहे, कंपनीने कंजुषी केली, डबी फोडून पुन्हा पाठवू. असे करणारे पुष्कळ आहेत आणि काहींना वरचा आकडा मिळतोही, कारण मोजणारी शेवटी माणसेच. पण डबी फोडली त्या क्षणी कंपनीची हमी संपते. उरते ते एक सुटे नाणे. प्लॅस्टिक फोडताना सांडशी घसरली तर मऊ सोन्यावर कायमची रेघ. दुसऱ्या खेपेला 58 चा 55 होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे 'नाणे घासून साफ केलेले आहे' एवढाच शेरा येतो आणि आकडाच मिळत नाही. मग पहिली चिठ्ठी कितीही दाखवा, गिऱ्हाईक डोळे बारीक करून बघते.

आपल्याकडच्या होनांना या शेऱ्याचा धोका जास्त. आमच्या बायकांनी होन पेटीत ठेवले नाहीत, गळ्यात घातले. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटला आपण पुतळी म्हणू लागलो आणि तिच्या माळा केल्या, होनांचेही तेच. कडी डाखली, पुढे मोडताना काढली, डाग घासून पुसला. एखाद्याच्या नजरेतून तो डाग एकदा सुटला असेल. दुसऱ्यांदा तो भिंगाखाली सुटेलच असे नाही. हुबळीच्या दुर्गदबैलात एका वृद्ध सराफाने मला होनाची कड नखाने चाचपून दाखवली होती. डोळ्याला काही दिसत नव्हते, नखाला लागत होते.

डबी न फोडताही पुन्हा तपासणीला देता येते. दुसऱ्या कंपनीकडे डबीसकट पाठवून 'अमुक आकड्याच्या खाली उतरत असेल तर फोडू नका' असे लिहून देता येते. फुकट जाते ती फी आणि टपाल. माझे मत विचाराल तर हाच मार्ग, आणि तोही वरच्या आकड्याला किमतीत मोठी उडी असेल तरच. शिवाय फोडणाऱ्यांमुळे कंपन्यांची शिरगणतीही बिघडते. जुनी चिठ्ठी परत केली नाही तर एकच नाणे दोनदा मोजले जाते आणि दुर्मीळ वस्तू कागदावर मुबलक दिसू लागते.

पण स्नेह्यांची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मुलाच्या ध्यानातही नव्हती. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू धरली आहे आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत होते तोवर ते पन्नास वेळा तपासून घेता आले असते. आता खिशात घालून विमानात बसणे म्हणजे कस्टमला आमंत्रण. विकत घेतल्याची पावती आणि इथे आणल्याचे कागद आधी शोधा, मग पुरातत्त्व खात्याला विचारा, असे मी त्यांना सुचवले. पावती मुलाच्या ईमेलमध्ये कुठेतरी आहे म्हणे. डबी सध्या बँकेच्या लॉकरात आहे आणि मुलगा डिसेंबरात येणार आहे.