सापडलेले चित्रण आणि हरवलेली माणसे

२०१३ सालच्या डिसेंबरातील गोष्ट आहे. आम्ही तेव्हा नुकतेच पदवीधर होऊन बंगळुरास आलो होतो आणि बोम्मसंद्रा येथील कारखान्यांच्या वसाहतीजवळ आणखी तिघांसह एका खोलीत राहत होतो. एक स्नेही निपाणीचे, दुसरे धारवाडचे आणि तिसरे शिमोग्याकडील मलनाडातले. एका रविवारी आम्ही चौघे होसूर रस्त्यावरून बसने शहरात गेलो आणि ‘६-५=२’ नावाचा कन्नड चित्रपट पाहिला. परतीच्या बसमध्ये जो वाद पेटला, तो खोलीवर येऊन जेवण होईपर्यंत चालू राहिला. निपाणीकरांचे म्हणणे, जे पाहिले ते सर्व खरे. “अरे, खोटं असतं तर चित्र इतकं वाईट कशाला काढलं असतं?” हा त्यांचा बिनतोड मुद्दा. धारवाडकर म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे आणि तिकिटाचे पैसे परत मिळाले पाहिजेत. मलनाडकर मात्र या वादात पडले नाहीत. मध्यंतरानंतर ते आत आलेच नव्हते; चित्रपटगृहाच्या पायरीवर बसून राहिले होते. अंथरुणावर पडल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “हे दाखवण्यापूर्वी त्या मुलांच्या घरच्यांना कुणी विचारलं असेल का?”

त्या प्रश्नाने आमची पाठ अद्यापि सोडलेली नाही. पुढे सरकारी कचेरीत कारकुनी पत्करल्यावर तर त्याचा अर्थ अधिकच उलगडत गेला. म्हणून या प्रकारच्या चित्रपटांचा इतिहास आणि त्यांचा प्रेक्षकांवर झालेला परिणाम यांविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहोत.

के. एस. अशोक यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २९ नोव्हेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. सहा तरुण पश्चिम घाटाच्या रानात भटकंतीला जातात, वाट चुकतात, आणि पुढे त्यांच्या कॅमेऱ्यातील चित्रण लोकांच्या हाती लागते, अशी ही कथा. घडलेल्या घटनेवर ती आधारलेली आहे, असाच तिचा गाजावाजा होता. नावातील वजाबाकीचे उत्तर एक यावयास हवे, ते दोन कसे आले, या कोड्यानेही पुष्कळांना चित्रपटगृहाकडे ओढले. पुढच्याच वर्षी त्याच नावाने त्याची हिंदी आवृत्ती निघाली. रचना मात्र मूळची इकडची नव्हे. तिचा उगम शोधावयाचा तर अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या एका रानापर्यंत जावे लागते.

१९९७ च्या ऑक्टोबरात डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन तरुण दिग्दर्शकांनी तीन नटांना त्या रानात नेऊन सोडले. कॅमेरे नटांच्याच हाती दिले. रोज काय करावयाचे त्याच्या चिठ्ठ्या ते ठेवून जात, दिवसेंदिवस शिधा कमी करीत आणि रात्री तंबूबाहेर आवाज काढून त्यांना घाबरवीत. आठ दिवसांत चित्रण संपले. त्यातून ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा चित्रपट सिद्ध झाला आणि १९९९ च्या उन्हाळ्यात तो सर्वत्र झळकला. चित्रणाचा खर्च साठ हजार डॉलरांच्या आसपास सांगतात. जगभरातील उत्पन्न मात्र चोवीस कोटी डॉलरांच्या पुढे गेले.

या यशाचे मर्म पडद्यावर जितके होते, तितकेच पडद्याबाहेर होते. पात्रांना नटांची खरीच नावे दिली होती. हे तिघे बेपत्ता असल्याची पत्रके वाटण्यात आली. इंटरनेटवर बनावट पोलीस तपासाचे कागद आणि छायाचित्रे मांडली गेली. दूरचित्रवाणीवर माहितीपटाच्या थाटाचा एक कार्यक्रमही झाला. तिघे नट जिवंत आणि धडधाकट असूनही त्यांना प्रसिद्धीपासून दूर ठेवण्यात आले. नायिकेच्या आईला तर मुलीच्या मृत्यूबद्दल सांत्वनाची पत्रे आली. बर्किट्सव्हिल या लहानशा गावी कथा घडल्याचे दाखविले होते. तेथे हौशी लोकांची रीघ लागली आणि गावाच्या नावाच्या पाट्या चोरीस गेल्या. चित्रपटगृहांत हलत्या चित्राने कित्येकांना मळमळू लागले. काहींना या भयपटासारखा भयपट नाही असे वाटले, तर काहींना तासभर झाडे आणि अंधार दाखवून आपल्याला लुबाडले असे वाटले. ज्या चित्रपटाला गौरवाचे पुरस्कार लाभले, त्याच्याच नायिकेला वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्री म्हणून उपहासाचे ‘रॅझी’ पारितोषिकही मिळाले. तिचा अभिनय हा अभिनयच नव्हे असे पाहणारास वाटावे, हेच तर तिचे काम होते! ते तिने चोख केले आणि त्याचीच शिक्षा भोगली.

ही युक्ती त्यापूर्वीही झाली होती. १९८० मध्ये रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाने ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ नावाचा क्रूर चित्रपट काढला. ॲमेझॉनच्या अरण्यात नाहीसे झालेल्या चित्रपथकाच्या फिती सापडतात, असे त्याचे कथानक. इटलीत तो जप्त झाला आणि नटांना खरोखरच मारले की काय, या संशयाने दिग्दर्शकावर खटला उभा राहिला. नटांनी वर्षभर कोठेही प्रकट होऊ नये असा करार त्याने स्वतःच करून ठेवला होता. तो मोडून नट जिवंत असल्याचे दाखविणे त्याला भाग पडले. १९९२ च्या ३१ ऑक्टोबरला ब्रिटनच्या बीबीसीने ‘घोस्टवॉच’ हे नाटक भुताने झपाटलेल्या घराच्या थेट प्रक्षेपणाचा आव आणून दाखविले. आरंभी लेखकाचे नाव झळकले होते. पण निवेदनास नेहमीची विश्वासाची माणसे होती, तेव्हा ते नाव कोण ध्यानात ठेवतो? १९९४ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन दहा वर्षांच्या मुलांची हकीकत आली. हा कार्यक्रम पाहून त्यांची झोप उडाली होती, एकटे राहवत नव्हते, आणि डॉक्टरांनी त्यांना आघातोत्तर मनोविकाराचे रुग्ण ठरविले होते. बीबीसीने तो कार्यक्रम पुन्हा कधी प्रक्षेपित केला नाही.

येथे कोणी म्हणेल की पडद्यावरचे खरे मानणे ही भोळ्या प्रेक्षकांची जुनीच खोड आहे. पण आमच्या मते हे दोन विश्वास निरनिराळे आहेत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली; तेव्हा रुपया मोजून आलेल्या मंडळींना आपण एक यांत्रिक चमत्कार पाहत आहोत हे ठाऊक होते. पॅरिसमध्ये पडद्यावरील आगगाडी पाहून प्रेक्षक पळत सुटले, ही प्रसिद्ध कथाही अभ्यासक आता फारशी खरी मानीत नाहीत. पुढे १९१७ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘लंकादहन’ आला. पडद्यावर श्रीराम प्रकटताच लोक हात जोडीत असे सांगतात. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके नावाच्या एकाच नटाने केल्या होत्या. पण हात जोडणाऱ्यांची त्यात काही फसगत झाली नव्हती. देवळातील मूर्ती पाथरवटाने घडविली हे ठाऊक असूनही आपण नमस्कार करतोच. तो भाव दर्शनाचा होता.

२०१३ साली आमच्या निपाणीकर स्नेह्यांनी जो विश्वास ठेवला, तो दर्शनाचा नव्हे, पंचनाम्याचा होता. चित्र थरथरते, आवाज अर्धवट येतो, चेहरा चौकटीबाहेर जातो; म्हणजे येथे कोणा कारागिराचा हात नाही, हा जसा घडला तसा कागद आहे, असे मन ठरविते. एकेकाळी चित्र जितके रेखीव तितके ते पटे. आता चित्र जितके ओबडधोबड तितके ते खरे ठरू लागले. प्रेक्षकाला खरी भीती घालते ती भुताची नव्हे. या चित्रपटांत भूत बहुधा दिसतच नाही. भीती घालतो तो दाखला.

दाखल्याची ही ओढ आपणा मराठी माणसांस नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा रसाळ बखरींपेक्षा त्या त्या वेळी लिहिलेल्या अस्सल पत्रांवर भर दिला. तेव्हापासून घाईत खरडलेले, कोपरा फाटलेले, पुढचा मजकूर गहाळ असलेले पत्र आपल्याला सजविलेल्या बखरीहून अधिक विश्वासाचे वाटते, आणि ते योग्यच आहे. पण संशोधक केवळ फाटका कोपरा पाहून थांबत नाही. कागद कोणाच्या दप्तरात मिळाला, अक्षर कोणाचे, मिती जुळते का, हेही तो पाहतो. चित्रपटाने फाटका कोपरा तेवढा उचलला आणि दप्तराचा पत्ता सोडून दिला.

आणि जेथे माणूस हरवतो पण त्याच्या मृत्यूची खात्री पटत नाही, तेथे ही युक्ती सर्वांत अधिक फळते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. प्रेत ओळखून अग्निसंस्कार झाल्याच्या वार्ता आल्या, तरी संशय उरला. त्या संशयाच्या फटीतूनच भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे व किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट होईपर्यंत पेशवाईला घोर लागून राहिला. त्याला मानणारे सर्वच मूर्ख होते असे म्हणवत नाही. भाऊ परत यावेत अशी कित्येकांची मनापासून इच्छा होती. तोतयाने ती वापरून घेतली. पार्वतीबाईंनी तर पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मानला नाही आणि त्या सुवासिनी म्हणूनच गेल्या.

‘बेपत्ता’ हा शब्द आमच्या टेबलावरही येतो. सरकारी नोकर नाहीसा झाला तर पोलिसांत खबर नोंदवावी लागते. शोध घेऊनही तो सापडला नाही असा पोलिसांचा दाखला लागतो. खबरीनंतर सहा महिने लोटल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा विचार होतो, आणि तेव्हाही तो माणूस परत आल्यास रक्कम फेडू असे बंधपत्र घरच्यांना लिहून द्यावे लागते. मृत्यू गृहीत धरावयाचा तर सात वर्षे त्याची वार्ता नसावी लागते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १०८ व्या कलमाचा हा दंडक २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्यानेही कायम ठेवला आहे. बाहेरच्यांना हा कागदी छळ वाटतो. आम्हांलाही आरंभी वाटे. पण परत येण्याची वाट एवढी काळजीने उघडी ठेवणारे कागद जगात थोडेच असतील. पत्रके छापून जिवंत नटांना बेपत्ता ठरविणाऱ्यांनी याच शब्दाची उसनवारी केली आणि पाच-सहा आठवड्यांत तो शब्द बाजारात खपवून टाकला.

त्या उसनवारीची किंमत कोणी भरली? प्रेक्षकांनी थोडी भरली, नटांनी फार. ज्यांची नावे व चेहरे खरेपणाचा पुरावा म्हणून वापरले, त्यांच्या वाट्याला त्या अफाट उत्पन्नाचा अल्प अंश आला. नायिकेने पुढे आपले नावच बदलले. २०२४ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, तिघांनी मिळून जाहीर पत्र लिहिले आणि योग्य मोबदला द्यावा, आमच्या नावाचा व चेहऱ्याचा उपयोग करताना आम्हांस विचारावे, अशी मागणी चित्रपटाच्या मालक कंपनीकडे केली. ते पत्र वाचताना आम्हांस मलनाडकरांचा प्रश्न आठवला. घरच्यांना विचारले होते का?

आम्ही असल्या चित्रपटांच्या विरुद्ध आहोत असे कोणी समजू नये. कलेने अस्सलाचे सोंग घ्यावे, ही तिची जुनी रीत आहे. कृत्रिम चित्रे घडविणारी यंत्रे आज घरोघर आली असताना तर नुसत्या चित्रपटांवर राग काढणे व्यर्थ होय. पण सोंग संपल्यावर ते उतरविण्याची आपल्याकडे चाल आहे. दशावतारातला राक्षसही पहाटे तोंड धुऊन गावकऱ्यांबरोबर चहा पितो. ‘हे खरेच घडले’ असे सांगून जो उठून जातो आणि तोंड धूत नाही, त्याने प्रेक्षकांच्या भयापेक्षा मोठी वस्तू नेलेली असते. पुढच्या वेळी खरोखर हरवलेल्या माणसाचे चित्रण समोर आले, तर तेच प्रेक्षक ते हसण्यावारी नेतील.

आता बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो आली आहे. २०२५ च्या ऑगस्टात ती सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी आमची आणि मलनाडकर स्नेह्यांची स्थानकावर अचानक भेट झाली. बारा वर्षांपूर्वी पायरीवर का बसून राहिलात, हे आम्ही त्यांना प्रथमच विचारले. त्यांचे चुलते २००६ मध्ये मध काढावयास रानात गेले, ते परत आले नाहीत. चुलती एकट्या सुपारीची बाग सांभाळीत. सात वर्षे उलटल्यावर वडीलधाऱ्यांनी कोर्टात अर्ज करविला, हुकूम झाला, बाग त्यांच्या नावे लागली. कागद पुरे झाले.

“आणि चुलती?” आम्ही विचारले.

“हुकमावर अंगठा दिला,” ते म्हणाले. “कुंकू मात्र लावतात अजून. कुणी विचारलं तर म्हणतात, तो कागद बागेपुरता आहे.”