खाणीतला डंपर चढ कसा चढतो? टॉर्क कन्व्हर्टर आणि गिअरचे काम

चंद्रपूर जिल्ह्यात वेकोलिच्या दुर्गापूर, सास्ती अशा खुल्या कोळसा खाणींत भरलेला डंपर तळातून वर चढतो. १६ मीटरला १ मीटर अशा चढावर १०० टन एकूण वजनाची गाडी सुमारे ६ टनांच्या जोराने मागे ओढली जाते.

थांबलेली अशी गाडी हलवायला बहुतेक मोठ्या डंपरमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनावर फिरणारा पंप तेल टर्बाइनवर फेकतो आणि मधला स्टेटर परतणारे तेल योग्य दिशेला वळवतो. त्यामुळे सुरुवातीला टॉर्क दुपटीच्या आसपास वाढतो.

मात्र पंप वेगात आणि टर्बाइन मंद राहिले, की वाया गेलेली ताकद तेल तापवते. चढावर वरचा गिअर ठेवल्यास हेच होते. सील आणि क्लच लवकर खराब होतात. म्हणून चढाआधीच खालचा गिअर घ्यावा. वेग आला की लॉकअप क्लच दोन्ही भाग जोडतो आणि तेल तापणे थांबते.

उतारावर न्यूट्रल कधीही करू नये. इंजिनाचा अटकाव सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.